तालुक्याच्या हॉस्पिटलात मुलांना गुंगी देण्यासाठी टीम कशी तयार करावी?

पेडिया_३०खाटा

नमस्कार. आमचं तालुक्याच्या गावातलं ३० खाटांचं मुलांचं हॉस्पिटल आहे. टाके घालणं, गळू फोडणं, निखळलेलं कोपर बसवणं, एलपी (पाठीच्या कण्यातून पाणी काढणं), भाजलेल्या मुलांची ड्रेसिंग ही कामं नेहमीची. भूलतज्ज्ञ जवळच्या शहरातून येतात, पोचायला पाऊण तास लागतो. हर्निया, अपेंडिक्सच्या ऑपरेशनांच्या लिस्टला ते असतातच. लहान कामांना मात्र गुंगीसाठी मिडाझोलाम किंवा केटामाइन आम्हीच देतो. ड्यूटीवर एक आरएमओ (निवासी डॉक्टर), दोन सिस्टर आणि एक ब्रदर असतात.

आजवर सगळं नीट झालं म्हणून असंच चालू ठेवायचं, हे मला मान्य नाही. टीमला पद्धतशीर तयार करायचं आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शिकवायला सुरुवात कुठून करावी? कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटेसारखा दाखवणारं यंत्र) असलेला मॉनिटर घेणं खरंच गरजेचं आहे का, की पल्स ऑक्सिमीटर पुरे? आणि एमआरआय, बेरासाठी (ऐकण्याची तपासणी) मुलांना घरूनच पेडिक्लोरिल (झोपेचं पातळ औषध) पाजून पाठवायची पद्धत आमच्या भागात सर्रास आहे. ती बंद करायची तर पर्याय काय?

---

भूल_पुणे

डॉक्टर, सुरुवात औषधांपासून करू नका. डोस एका पानावर मावतात. वेळ लागतो तो श्वास बघायला आणि श्वासमार्ग उघडायला शिकवताना.

हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यामध्ये भिंती नसतात. एकाच डोसावर एक मूल रडत राहतं आणि दुसरं जीभ मागे पडून घोरायला लागतं. म्हणून जगभर धरलेला नियम असा आहे: जेवढी गुंगी द्यायची ठरवलं आहे, त्याच्या एक पायरी पुढे मूल गेलं तरी त्याला सावरता आलं पाहिजे. अमेरिकेत २००० साली गुंगीतल्या दुर्घटनांच्या ९५ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५१ मुलं दगावली होती आणि ९ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. दोष कुठल्याही एका औषधावर किंवा ते देण्याच्या एका मार्गावर ठेवता आला नाही. पुन्हा पुन्हा दिसलं ते हे की देखरेख अपुरी होती, आणि श्वास थांबल्यावर जे करायला हवं होतं ते वेळेत झालं नाही. तीन किंवा जास्त औषधं एकत्र दिलेल्यांत परिणाम विशेष वाईट होते.

मुलाकडे वेळ कमी असतो. बाळ किलोमागे मिनिटाला साधारण ६ ते ७ मिली ऑक्सिजन वापरतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या दुप्पट. फुप्फुसातला साठाही लहान. त्यामुळे पहिला मिनिट ज्याच्या हातात श्वास देण्याची बॅग आहे त्याचा. १०८ची गाडी किंवा पाऊण तासावरचा भूलतज्ज्ञ त्या मिनिटात कुठेच नसतो.

तेव्हा पहिलं कौशल्य: बॅग आणि मास्क. ते मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) अर्धवटच येतं, कारण मॅनिकिनची जीभ मागे पडत नाही. हर्नियाची लिस्ट असते त्या दिवशी तुमच्या भूलतज्ज्ञांना सांगा की इंडक्शननंतर (मूल भुलीत गेल्यावर) आरएमओ आणि सिस्टर त्यांच्या देखरेखीखाली मास्क धरतील. पालकांना आधी सांगून ठेवा. नेहमीच्या चुका ठरलेल्या असतात. बोटं जबड्याच्या हाडावर न राहता हनुवटीखालच्या मऊ भागात रुततात, आणि जीभ टाळूला चिकटून वाट उलट बंद होते. दोन वर्षांखालच्या मुलाचं डोकं मागे मोठं असल्याने मान आपोआप पुढे वाकते, तिथे खांद्याखाली घडी केलेला टॉवेल लागतो. आणि घाबरलेला हात बॅग पूर्ण पिळतो, हवा पोटात जाते, पोट फुगून छातीखालचा पडदा वर ढकलला जातो, मग उलटी. छाती उचललेली दिसेल एवढंच पिळायचं. लय 'पिळा, सोडा, सोडा', मिनिटाला २० ते ३०.

एक बारीक गोष्ट बहुतेक ठिकाणी माहीत नसते. अँब्यू बॅग (हाताने पिळून श्वास देण्याची हीच बॅग) न पिळता मास्क नुसता तोंडासमोर धरला, तर तिच्या झडपेतून ऑक्सिजनचा भरवशाचा प्रवाह बाहेर येत नाही. मूल स्वतः श्वास घेत असेल तर साधा मास्क किंवा नेझल प्राँग्ज (नाकात बसणाऱ्या ऑक्सिजनच्या नळ्या) वापरा. आम्ही भूलवाले जेआर सर्किट (आपोआप न फुगणारी बॅग) वापरतो, पण त्याला गॅसचा सलग पुरवठा आणि सवयीचा हात दोन्ही लागतं. तुमच्या टीमला ५०० मिलीची अँब्यू बॅग, सोबत रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी), हेच योग्य.

कॅप्नोग्राफ घ्या. पैसे कमी असतील तर दुसरं काही पुढे ढकला. कारण असं: मुलाला ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला, तर सॅच्युरेशन काही काळ ९९च दाखवत राहतं. आकडा खाली येतो तेव्हा साठा संपत आलेला असतो. कॅप्नोग्राफची लाट श्वासाबरोबर त्याच क्षणी थांबते. शिकवायला दोन वाक्यं पुरतात. लाट नाही आणि छाती हलते आहे, म्हणजे वाट बंद आहे: जॉ थ्रस्ट (जबडा पुढे ओढणं). लाट नाही आणि छातीही हलत नाही, म्हणजे श्वासच नाही: बॅग. कॅप्नोग्राफची नळी (कॅन्युला) नाकातून निसटली असेल तरीही लाट जाते, पण ती तपासायची छातीकडे बघून झाल्यावर. मशीन येईपर्यंत गळ्याच्या खाचेशी स्टेथोस्कोपचा चेस्टपीस चिकटपट्टीने लावून एकाने सतत ऐकत राहायचं. जुनी पद्धत आहे, पण उत्तम आहे.

तुम्ही कुणाला गुंगी देऊ नये, तेही लिहून भिंतीवर लावा: सहा महिन्यांखालचं बाळ, मुदतीआधी जन्मलेलं लहान बाळ, रात्री घोरणारं किंवा मोठ्या टॉन्सिलचं मूल, लहान जबडा, डाउन सिंड्रोम, हृदयाचा आजार, आता सर्दी-खोकला चालू असलेलं किंवा छातीत सूं-सूं ऐकू येणारं मूल. यांना भूलतज्ज्ञ येईपर्यंत थांबवा. केटामाइन तीन महिन्यांखाली कुणालाच नाही. प्रोपोफॉल (भुलीचं इंजेक्शन) तुमच्या ट्रॉलीवर नकोच.

---

सिम_ट्रेनर

वरच्या उत्तराशी सहमत. मी फक्त ड्रिलचं सांगतो, कारण ड्रिलच्या नावाखाली अनेक ठिकाणी व्याख्यान होतं.

ड्रिल हॉलमध्ये घेऊ नका. ज्या मायनर ओटीत (लहान ऑपरेशनच्या खोलीत) गळू फोडता त्याच खोलीत, त्याच ट्रॉलीवर, ड्यूटीवर असतील त्याच माणसांसोबत घ्या. दहा मिनिटांचा प्रसंग, वीस मिनिटांची चर्चा. महागडं मॅनिकिन लागत नाही. इन्फंट सीपीआरचा पुतळा आणि मोबाइलवर मॉनिटरचे आकडे दाखवणारं एखादं अॅप पुरतं. घड्याळ मात्र हवंच. 'श्वास थांबला' असं सांगितल्यापासून पुतळ्याची छाती पहिल्यांदा उचलली जाईपर्यंत किती सेकंद गेले ते लिहा. ३० सेकंदांच्या आत यायला हवं. पहिल्या ड्रिलला सहसा येत नाही, आणि त्याची कारणं दरवेळी तीच निघतात: मास्कचा नंबर चुकीचा, सक्शनची नळी जोडलेलीच नाही, ऑक्सिजनची चावी सापडत नाही, लॅरिंगोस्कोपची (घसा बघायच्या दिव्याच्या उपकरणाची) बॅटरी उतरलेली, आणि सगळे एकाच वेळी बोलतात.

तीन प्रसंग आलटून पालटून घ्या.

पहिला, केटामाइननंतरचा लॅरिंगोस्पाझम, म्हणजे स्वरयंत्र आवळून वाट बंद होणं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ८,२८२ मुलांच्या एकत्रित विश्लेषणात तो ०.३ टक्के मुलांना झाला. म्हणजे तुमच्या सिस्टरला तो वर्षानुवर्षं दिसणार नाही, आणि दिसेल त्या दिवशी आठवायला वेळ नसेल. यासाठीच ड्रिल. क्रम असा: काम थांबवा, तोंड सक्शन करा, दोन्ही हातांनी जबडा पुढे ओढा, १०० टक्के ऑक्सिजन, मास्क घट्ट धरून हलका सलग दाब. त्याच वेळी मधली बोटं कानाच्या पाळीमागच्या खाचेत, कवटीच्या तळाशी आत आणि पुढे जोरात दाबा. बहुतेक वेळा इथेच सुटतो. नाही सुटला तर सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) शिरेतून किलोला १ ते २ मिग्रॅ, शीर नसेल तर स्नायूत किलोला ४ मिग्रॅ, जवळ अॅट्रोपीन (मंदावलेली नाडी वाढवणारं) किलोला ०.०२ मिग्रॅ भरलेलं. सक्सिनिलकोलीन श्वासनलिकेत नळी घालता येणाऱ्यानेच द्यायचं. ते फ्रिजमध्ये असतं, म्हणून ड्रिलमध्ये एकाला खरोखर फ्रिजपर्यंत पाठवा आणि वेळ मोजा.

दुसरा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: काम संपल्यानंतरचा. गळू फुटेपर्यंत मूल दुखण्यामुळे जागं राहतं. पू निघाला, ड्रेसिंग झालं, दुखणं थांबलं, पण औषध अजून रक्तात आहे. तेव्हा गुंगी खोल जाते, आणि नेमके तेव्हाच डॉक्टर हात धुवायला गेलेले असतात, सिस्टर ट्रे आवरत असतात, बोटावरचा ऑक्सिमीटरचा प्रोब काढलेला असतो. ड्रिलमध्ये 'झालं' असं म्हणा आणि कुणाची नजर मुलावर राहते ते बघा.

तिसरा, उलटी. कुशीवर वळवणं, ट्रॉलीचं डोकं खाली, सक्शन, मग ऑक्सिजन, याच क्रमाने.

भूमिका तीनच ठेवा: काम करणारा, औषध देणारा, श्वास बघणारी व्यक्ती. तिसऱ्या व्यक्तीने मुलाचे हात धरायचे नाहीत, ट्रे द्यायचा नाही, फोन उचलायचा नाही. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, सॅच्युरेशन, बीपी आणि गुंगीची पातळी मोठ्याने सांगायची आणि लिहायची. 'थांबा' म्हणायचा अधिकार तिचा, आणि ते ऐकल्यावर डॉक्टरांनी सुई खाली ठेवायची. ही सवय एका दिवसात लागत नाही. प्रमुख डॉक्टर स्वतः ड्रिलमध्ये उभे राहिले तरच लागते.

---

ओटी_सिस्टर_कोल्हापूर

डॉक्टरांनी मोठं सगळं सांगितलं. मी ट्रॉली, उपास आणि घरी सोडणं एवढंच लिहिते, कारण ते आमच्याकडे येतं.

औषध भरण्याआधी ट्रॉली हाताने तपासायची, नुसती डोळ्यांनी नाही. सक्शन चालू करून नळीचं तोंड तळव्यावर धरा, ओढ लागली पाहिजे. अँब्यू बॅगचं तोंड तळहाताने बंद करून पिळा, हवा निसटली तर झडप बघा. मास्क ०, १, २, ३ नंबरचे. ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मापून घेतलेला एअरवे (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली नळी). वजनाप्रमाणे एलएमए, म्हणजे घशात बसणारा मास्क (५ ते १० किलोला दीड, १० ते २० ला २ नंबर). बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर, म्हणजे मिनिटाला १० लिटरने अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. वजन त्याच दिवशी, काट्यावर. आईने सांगितलेलं वजन लिहायचं नाही.

केटामाइनची बाटली हातात आली की आधी ताकद वाचा. १० मिग्रॅ प्रति मिली आणि ५० मिग्रॅ प्रति मिली, दोन्ही बाजारात मिळतात. १२ किलोच्या मुलाला किलोला दीड मिग्रॅ म्हणजे १८ मिग्रॅ. १०च्या बाटलीतून १.८ मिली. तेच १.८ मिली चुकून ५०च्या बाटलीतून भरलं, तर ९० मिग्रॅ जातील. यावर साधा उपाय: हॉस्पिटलात एकच ताकद ठेवा. ५०ची असेल तर १ मिलीत ४ मिली सलाइन मिसळून १०ची करायची, सिरिंजला लेबल, आणि दुसऱ्या सिस्टरने हिशोब स्वतंत्र करायचा. मिडाझोलामचंही तसंच, १ मिली (५ मिग्रॅ) अधिक ४ मिली सलाइन, म्हणजे १ मिग्रॅ प्रति मिली. केटामाइन एक मिनिटभर सावकाश द्यायचं. झटक्यात दिलं तर श्वास थांबतो.

उपासाबद्दल 'रात्री बारानंतर काही नाही' हे सांगणं सोडा. दुपारी दोनच्या कामासाठी तान्हं बाळ चौदा तास उपाशी राहतं, साखर उतरते, शीर सापडत नाही. पाणी, शहाळ्याचं पाणी, ग्लुकोजचं पाणी दोन तास आधीपर्यंत (युरोपच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत एकच तास आहे). आईचं दूध चार तास. वरचं दूध आणि हलकं खाणं सहा तास. आणि पालकांना 'काही खाल्लं का?' एवढंच विचारू नका. 'नाही' म्हणतात, मग कळतं चहा-बिस्किट दिलं होतं. 'चहा दिला का, बिस्किट दिलं का, आजीने काही भरवलं का, किती वाजता?' असं एकेक विचारा.

केटामाइन देण्याआधी आईला सांगून ठेवा की बाळाचे डोळे उघडे राहतील, नजर हरवलेली वाटेल, बुबुळं हलतील. नाहीतर त्या घाबरून मुलाला हलवायला लागतात.

घरी सोडताना मूल आधी होतं तसं बोललं पाहिजे, वयाप्रमाणे बसलं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे शांत खोलीत कुणी न हलवता वीस मिनिटं स्वतःहून जागं राहिलं पाहिजे. गोंगाटात जागं दिसणारं मूल गाडीत बसलं की पुन्हा झोपतं. आपल्याकडे गाडी म्हणजे मोटारसायकल: बाबा चालवतात, मूल आईच्या छातीशी, हनुवटी खाली टेकलेली. त्या अवस्थेत वाट बंद झाली तर आईला कळणारही नाही. त्यामुळे दुचाकीवर जाणाऱ्यांना जास्त वेळ थांबवायचं, आणि मुलाकडे बघायला चालवणाऱ्याशिवाय दुसरं माणूस असल्याशिवाय सोडायचं नाही. फ्लुमाझेनिल किंवा नॅलोक्सोन (गुंगीच्या औषधांचे उतारे) द्यावं लागलं असेल तर त्यानंतर किमान दोन तास बसवा. त्यांचा असर आधी उतरतो आणि गुंगी परत येते.

---

रेडिओ_भूल_सांगली

पेडिक्लोरिलबद्दल. त्यातलं ट्रायक्लोफॉस शरीरात ट्रायक्लोरोइथेनॉल बनतं, आणि ते आठ-बारा तास, नवजात बाळात त्याहून बरंच जास्त रेंगाळतं. त्याला उतारा नाही. घरी पाजलं की बाळ झोपतं एसटीत किंवा रिक्षात, जिथे ना ऑक्सिजन ना बघणारं कुणी. अर्धं ओकलं तर किती पोटात गेलं ते कळत नाही, आणि आई घाईत पुन्हा पाजते. गुंगीचं कुठलंही औषध घरी द्यायचं नाही, हे अमेरिकन बालरोग अकादमीच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. तुम्ही रेफर करणाऱ्या चिठ्ठीवरच लिहा: 'औषध सेंटरवर, वजन करून, मॉनिटर लावून.'

पर्याय वयाप्रमाणे. तीन महिन्यांखालच्या बाळाला बहुतेकदा औषध लागतच नाही. तीन-चार तास भुकेलं ठेवा, सेंटरवर आईला पाजू द्या, ढेकर काढा, कानात बोळे आणि वरून इअरमफ, दुपट्यात घट्ट गुंडाळा. बाळ झोपलं की आत. मशीन आधी रिकामं करून ठेवायला लागतं, बाळ झोपल्यावर नंबर येईपर्यंत थांबवलं की सगळं फुकट.

बेरा, इको, सीटीसाठी नाकातून डेक्समेडेटोमिडीन चांगलं आहे: किलोला २ ते ३ मायक्रोग्रॅम. १० किलोच्या मुलाला ३०, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या अँप्यूलमधून ०.३ मिली, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. गुंगी यायला अर्धा तास लागतो. इथेच चूक होते. वीस मिनिटांत झोपलं नाही म्हणून लोक मिडाझोलाम वर घालतात, आणि मग दोन्ही एकदम चढतात. थांबा, दिवे मंद करा, आईला थोपटू द्या. नाडी थोडी मंदावते, ती गुंगीचाच भाग आहे; बीपी ठीक असेल तर लगेच अॅट्रोपीन देऊ नका, बीपी फार वर जातं. लांबलचक एमआरआयला मात्र भूलतज्ज्ञ असलेलं सेंटर निवडा.

आणि एमआरआयच्या दारात लोखंडी सिलिंडर, साधा लॅरिंगोस्कोप, स्टेथोस्कोप, काहीही नेऊ नका. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेल्या माणसाचा जीव गेला. मूल आत बिघडलं तर ड्रिल एकच: टेबल बाहेर, मूल उचलून खोलीबाहेरच्या ट्रॉलीवर, मग बॅग. आत सीपीआर करत बसलं की मदतीला धावणारा माणूस खिशातली कात्री घेऊनच आत शिरतो.

---

पेडिया_३०खाटा

सर्वांचे मनापासून आभार. एक राहिलं. केटामाइननंतर मूल ओरडत उठू नये म्हणून आम्ही सोबत थोडं मिडाझोलाम देतो. चालू ठेवावं का? आणि लाळेसाठी ग्लायकोपायरोलेट?

---

भूल_पुणे

दोन्ही सरसकट देणं बंद करा. सिम_ट्रेनर यांनी सांगितलेल्या त्याच ८,२८२ मुलांच्या विश्लेषणात, सोबत बेंझोडायझेपीन (मिडाझोलामच्या गटातलं औषध) किंवा लाळ सुकवणारं औषध दिलेल्यांत श्वासाच्या अडचणी जास्त दिसल्या. वय दोनपेक्षा कमी, वय तेरा किंवा जास्त, आणि शिरेतून पहिलाच डोस किलोला अडीच मिग्रॅ किंवा जास्त, हेही धोक्याचे निघाले. मुलं ओरडत उठतात त्याला शांत खोली, आईचा आवाज आणि कुणीही न हलवणं बऱ्याचदा पुरतं. उठताना फारच बिथरलं तर तेव्हा किलोला ०.०५ मिग्रॅ मिडाझोलाम शिरेतून, सावकाश, मॉनिटर लावलेलाच असताना. केटामाइननंतर उलट्या होतात त्याला ऑनडान्सेट्रॉन ०.१ ते ०.१५ मिग्रॅ प्रति किलो.

आणखी एक, जे विचारलं नाही पण टाके घालताना चुकतं. लिग्नोकेनचा (जागा बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा) हिशोब गुंगीच्या चार्टवरच लिहा. साधं लिग्नोकेन किलोला साडेचार मिग्रॅपर्यंत. २ टक्क्यांच्या १ मिलीत २० मिग्रॅ असतं, म्हणजे १० किलोच्या मुलाला सव्वादोन मिलीत मर्यादा गाठली. कपाळाच्या लांब जखमेला एवढं सहज संपतं. १ टक्क्याचं करून घ्या, दुप्पट मिली मिळतात. आणि मुलाला फिटसाठी क्लोबाझाम (हेही बेंझोडायझेपीनच) चालू असेल तर फ्लुमाझेनिल देऊ नका, फिट सुरू होते. अशा मुलाचा श्वास थांबला तर बॅगनेच चालवत राहा.

---

सिम_ट्रेनर

पहिल्या ड्रिलसाठी एक सुचवतो. तारीख आधी जाहीर करा, अचानक घेऊ नका. नवीन सिस्टर सर्वांसमोर चुकायला घाबरतात, आणि घाबरलेला माणूस खऱ्या वेळी 'थांबा' म्हणत नाही. पहिले दोन-तीन ड्रिल जमल्यावर मग रात्रपाळीत, न सांगता. रात्री औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते त्या ड्रिलमध्ये कळेल.